बाबा, कॉम्प्युटर मी मागवलाय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगणार होते, पण फोनवर बाबा नुसतं "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, मग आई विचारते भाजी काय केलीस आणि विषय तिथंच संपतो. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावा आणि शेवटपर्यंत वाचा, मधेच उठून गच्चीत फेऱ्या मारायला जाऊ नका.

तर कॉम्प्युटर मी मागवलाय. कंपनीचा, तयार. शनिवारी घरी येईल.

झालं सांगून. आता रागवा.

मला माहितेय, दिवाळीत मीच म्हणाले होते की सुटे भाग आणून दोघं मिळून जोडूया, आणि तुम्ही त्याच रात्री एका उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर यादी केलीत, प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, कॅबिनेट, प्रत्येकासमोर किंमत, खाली दोन रेघा मारून टोटल. मी त्याचा फोटो काढून ठेवलाय. अजून मोबाईलमध्ये आहे. ऑर्डर देताना तो फोटो तीनदा उघडून बघितला आणि तीनदा बंद केला.

जुन्या कॉम्प्युटरचं काही होणार नव्हतं हे तर तुम्हाला पण पटलं होतं. पुरानंतर घाईत घेतलेला सेकंडहँड, त्यात प्रोसेसर चौथ्या जनरेशनचा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० हे सुरक्षेचं हार्डवेअर लागतं, ते त्यात कुठून आणायचं. तुम्ही त्याच्यावरच पेन्शन बघता, बँकेचं बघता, मला इथं धाकधूक होते. "चालतोय की अजून" हे आईचं वाक्य मिक्सरला चालेल, याला नाही.

आता असेंबल का नाही ते ऐका. एक तर रॅम. तुमच्या यादीत जी किंमत आहे ना ती विसरा, दिवाळीनंतर दुपटीच्या वर गेलीय, सगळी मेमरी त्या एआयच्या मोठ्या डेटा सेंटरांकडे चाललीय. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीरच केलं की क्रुशल नावानं घरगुती गिऱ्हाइकाला रॅम, एसएसडी विकणं बंद. तयार मशीनवाल्यांनी माल आधी भरून ठेवलेला असतो, त्यामुळे सध्या तरी तेच स्वस्त पडतंय. नेहमी उलटं असायचं हे मान्य. शिवाय त्यात विंडोज लायसन्ससकट येतं, नाहीतर ते वेगळं विकत घ्या किंवा कोपऱ्यावरचा कोणीतरी पोरगा "टाकून देतो काका" म्हणत चोरीचं विंडोज घालणार, आणि तसल्यानं आपण एकदा दुकानातल्या किती पत्रिकांच्या फाइली घालवल्या ते आठवा.

पण हे पैशाचं सगळं मी स्वतःला पटवायला सांगतेय. खरं कारण वेगळं आहे.

जोडायला काही लागत नाही बाबा, जोडता तुम्हाला येतंच, मला तर तुम्हीच शिकवलंत. प्रश्न आहे तो चालू न झाल्यावरचा. समजा सगळं बसवलं, बटण दाबलं, पंखा फिरला आणि स्क्रीन काळीच. आता चूक कुणाची? रॅमवाला म्हणणार बोर्ड बघा, बोर्डवाला म्हणणार एसएमपीएस तपासा, प्रत्येक वस्तूची वॉरंटी वेगळी, प्रत्येकाचं सर्व्हिस सेंटर वेगळं, कुठलं कोल्हापूरला कुठलं पुण्याला. आणि दोष शोधायचा म्हणजे एकच मार्ग, दुसरी रॅम लावून बघ, दुसरा एसएमपीएस लावून बघ. गणपती पेठेत पत्रिकांचं दुकान होतं तेव्हा तुमच्याकडे कपाटभर सुटं सामान होतं, चिमटीत धरून एकेक बदलत पंधरा मिनिटांत सांगायचात काय गेलंय ते. ते कपाट आता नाहीये. आणि तिथं टॉर्च धरायला मी नाहीये. मला त्या मोठ्या क्लायंटच्या कामातून मार्चपर्यंत सुट्टी मिळत नाही, तुम्ही टेबलाखाली वाकलेले आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर "डावीकडची वायर, नाही नाही ती नाही" करत बसलेय, मला ते नको वाटलं. तयार मशीनला तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेतलीय, म्हणजे माणूस घरी येणार, जे गेलंय ते तोच शोधणार, तोच बदलणार, आई त्याला चहा देईल, संपलं.

आणि हे आईनं मला काहीही सांगितलेलं नाही. तिला रागवू नका. मीच ओळखलं.

हाताबद्दल मी काही म्हणत नाहीये. त्या पुढच्या पॅनलच्या वायरी आहेत ना, पॉवर स्विच, रिसेट, दिव्याच्या, त्या पिना इतक्या बारीक आहेत की मला पस्तिशीत दिसत नाहीत, ऑफिसमधला एक जण चिमट्यानं लावतो. प्रोसेसरच्या सॉकेटमधली एक पिन वाकली की अख्खा बोर्ड गेला. हे कुणाच्याही हातून होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अजून दोन महिने नाही झाले, डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय, बस. तेवढंच कारण.

२००१ चं आठवतंय तुम्हाला? तुम्ही बुधवार पेठेतून सगळं सामान एका जुन्या चादरीत बांधून रात्रीच्या एसटीनं आणलं होतं, मांडीवर मदरबोर्ड घेऊन, पाठ सुद्धा टेकली नाहीत म्हणे. आणि सकाळी आईच्या कोथिंबीर निवडायच्या टेबलावर थर्माकोल टाकून त्याच्यावर बोर्ड. मला टॉर्च धरायला उभं केलं होतं, हात दुखला तरी हलायचं नाही. एक स्क्रू हरवला, सगळं घर शोधलं आणि तो मिळाला पोह्याच्या डब्यात, आणि आई म्हणाली की उद्या फोडणीत रॅम निघेल. मग तो एक बारका 'बीप'. तुम्ही म्हणालात, एकच वाजला म्हणजे सगळं ठीक, जास्त वाजले की दुखणं आहे. मी कितीतरी दिवस शाळेत कुणी बरं आहे का विचारलं की 'बीप' म्हणायचे. परवा मीटिंगमध्ये आठवून एकटीच हसले.

बरं. तयार मशीनबद्दल तुमची जी जी तक्रार असणार ती मला पाठ आहे आणि ती बरोबर पण आहे. बऱ्याच कंपन्या एसएमपीएस आपल्याच मापाचा आणि आपल्याच कनेक्टरचा टाकतात, बाजारातला बसत नाही, बोर्ड पण तसलाच. कॅबिनेट एवढंसं. रॅम एकच दांडी. म्हणून ते पुस्तकाएवढं मिनी मॉडेल मी घेतलं नाही, टॉवरच घेतलाय, आणि ऑर्डर द्यायच्या आधी अर्धा तास त्या माणसाचं डोकं खाल्लं, रॅमचे स्लॉट किती, साटाची म्हणजे हार्ड डिस्क जोडायची जागा मोकळी आहे का, आपण उघडलं तर वॉरंटीचं काय. दोन स्लॉट आहेत, मोठ्या हार्ड डिस्कची जागा आहे, आणि रॅम, डिस्क आपण स्वतः लावली तर चालते, मोडतोड मात्र आपली. हे मी लेखी मागून घेतलंय. तुमचीच पोरगी आहे.

त्यात आठ जीबीची एक दांडी आहे. दुसरी आठ जीबीची मी इथून वेगळी घेतलीय, तशीच, तेवढ्याच स्पीडची, ती कुरियरनं उद्या-परवा येईल. दोन असल्या की ड्युअल चॅनेल होतं, वेग वाढतो, ते तुम्हाला सांगायला नको. ती तुम्ही लावायची. आणि ती पत्रिकांची हार्ड डिस्क पण.

ती डिस्क, बाबा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा मी पुण्यात मोबाईलवर फुटांचे आकडे बघत बसले होते, हायवे बंद, तुमचे फोन बंद. आणि तुम्ही दुकानातून बाकी काही नाही, कॅबिनेट खोलून तेवढी डिस्क काढलीत, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून आईच्या पिठाच्या डब्यात घालून वरच्या मजल्यावर नेलीत. प्रिंटर गेला, कागद गेला, कपाट गेलं. मी तेव्हा यायला पाहिजे होतं. येता येत नव्हतं हे खरं आहे, तरी.

आता ऐका, काय काय करायचं ते.

खोकं आल्यावर विळी-सुरीनं कापायचं नाही, आणि खोकं टाकायचं नाही, आई, माळ्यावर ठेव, कितीही जागा अडली तरी. वर उचलायला शेजारच्या दोन पोरांना बोलवा. मशीन वरच्या खोलीतच ठेवायचं, टेबलावर, जमिनीवर नाही. जूनच्या आत यूपीएस पण टेबलावर घ्या. यूपीएसची बॅटरी बदलून तीन वर्षं झालीत, ती नवीन मागवलीय. त्या प्लगचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनला बोलवून करून घ्या, या आठवड्यातच, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि तुम्ही म्हणता एवढं चालतंच. चालत नाही.

मॉनिटर चोवीस इंची घेतलाय, अक्षर मी मोठं करून देईन, डोळ्यांत औषध घालून लगेच बसायचं नाही. जुन्या फाइली श्रीलिपी फॉन्टातल्या आहेत, दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडल्या की नुसता किडा-मुंगी दिसतो, तर घाबरून काही डिलीट करू नका, आधी सगळ्याची एक कॉपी बाहेरच्या ड्राइव्हवर. विंडोजमध्ये मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड असतोच, बोटांना लागेल सवय. आई, तुझी भजनं त्याच्यावर मोठ्या स्क्रीनवर दिसतील, बाबांकडून रोज दुपारचा एक तास लिहून घे.

रॅम लावायच्या आधी वायर काढायची, मग धातूला हात लावायचा, खाच जुळवायची आणि दोन्ही टोकं कट्ट आवाज येईपर्यंत दाबायची. जोर लागतो त्याला, अंगठे घट्ट ठेवा. बघा, मी तुम्हाला शिकवतेय.

आई, तू तेव्हा टॉर्च धर. हात दुखला तरी हलू नकोस. आणि बसली की मला लगेच फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी उचलेन.

तुमची,
मनी

ता. क. किंमत विचारू नका, सांगणार नाही. आणि भडंग संपलंय, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवा, लसूण जास्त घालून.