सूचना : रविवारी सहकुटुंब गळ टाकायला तलावावर

सभासदांनी रविवारी सकाळी ९ वाजता मुलाबाळांसह मालगुजारी तलावाच्या (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या तलावाच्या) पाळीवर, म्हणजे बांधावर, यावे. थंडीत ऊन चढल्याशिवाय मासा चारा धरत नाही, म्हणून पहाटेची घाई नको. तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात आहे. परवानगी फक्त गळाची आहे, जाळे आणू नये.

चाऱ्यासाठी कणकेत निम्मी शेंगदाणा पेंड घालून घट्ट मळा. सैल गोळा पाण्यात पडताच सुटतो, गळ रिकामा राहतो. वाटाण्याएवढी गोळी पुरे. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी चरतो. दोरीवरचा तरंगा (पाण्यावर तरंगणारी खूण) त्याप्रमाणे सरकवा.

मुलांच्या गळाचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून आणा, बोटात रुतला तरी सहज निघतो. पाळीलगतच पाणी सर्वांत खोल असते. तिथे लहान मुलांचा हात क्षणभरही सोडू नका.