कामगार मंत्र्यांना खुलं पत्र: टीप किती द्यायची ते आम्ही पाहून घेऊ, ती पोरापर्यंत पोचते का ते तुम्ही पाहा

मा. कामगार मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब नमस्कार. मी आर्वी तालुक्यातला गाडीवाला. सात सीटर गाडी आहे, भाड्यानं चालवतो, शेगाव, माहूर, रामटेक, लग्नाचं वऱ्हाड, नागपूरच्या दवाखान्यातले पेशंट, जे भाडं येईल ते. तुम्ही खामगावचे, म्हणजे आपल्याच बाजूचे, तळेगाव तिवसा अमरावती अकोला हा रोड मी तुम्हाला सांगायची गरज नाही, म्हणून जरा मोकळं लिहून राहिलो, राग मानू नका.

विषय तसा बारीक आहे, हॉटेलात जेवल्यावर वेटरला टीप किती द्यायची. तुम्ही म्हणाल हे काय मंत्र्याला विचारायची गोष्ट झाली का बाप्पा. तर ते मी विचारतच नाही, कारण तो प्रश्न रोज मलाच विचारतात. बिल आलं की अर्धे पॅसेंजर माझ्याकडे पाहतात, "भाऊ, इथं किती देतेत?" जसा काय मी ढाब्याचा मुनीम. मग मी माझा रेट सांगतो. चहा पोह्याच्या टपरीवर काही नाही, तिथं मालकच तर्री वाढते अन् मालकच पैसे घेते. ढाब्यावर चार-पाच जण जेवले, हजार-बाराशे बिल झालं तर पन्नास द्या. लेकरांनी वरण सांडलं असंल, भाकरी गरम नाही म्हणून दोनदा वापस पाठवली असंल, तर शंभर काढा, लाजू नका. शहरातल्या एसी हॉटेलात लोक पाच-दहा टक्के ठेवतात, ते तिथलं तिथं. अन् ज्याची द्यायची इच्छा नाही त्यानं देऊ नये, टीपेची सक्ती कोणत्याच कायद्यात नाही. झालं, याच्यावर माझं काही भांडण नाही.

भांडण हे आहे की दिलेली टीप जाते कुठं.

पहिले बिल स्टीलच्या प्लेटीत यायचं, सोबत सौंफ अन् खडीसाखर. माणूस पाचशेच्या नोटा ठेवायचा, वरचे सुटे वापस आले की त्यातले वीस-तीस प्लेटीतच सोडून द्यायचा, काही मोठा दानशूर होता म्हणून नाही, चारचौघात सुटे उचलायची लाज वाटायची म्हणून. तेवढीच ती टीप होती खेड्यापाड्यातली. आता प्लेट येते, सौंफ येते, सुटे येत नाहीत, सगळं स्कॅनरवर. गल्ल्यावर ते बोलणारं डब्बं ठेवलेलं असते, ते अख्ख्या ढाब्याला ओरडून सांगते, "ग्यारह सौ चालीस रुपये प्राप्त हुए". तुम्ही कधी त्या वक्ताला टेबल पुसणाऱ्या पोराकडे पाहा साहेब. फडकं हातात धरून जरासं थांबते, आकडा ऐकते, बिल किती होतं ते त्याला तोंडपाठ असते कारण त्यानंच सांगितलेलं असते, अन् आकडा बिलाएवढाच निघाला की फडकं झटकून दुसऱ्या टेबलाकडे निघून जाते. कोणी काही बोलत नाही. पॅसेंजरला तर समजतही नाही, तो दात कोरत गाडीकडे चाललेला असतो.

आता काही लोक असतातही चांगले. बिल अकराशे चाळीस, ते बाराशे मारतात अन् मालकाला सांगतात, "वरचे साठ त्या पोट्ट्याले द्या." मालक म्हणते हाव हाव. पण पैसे गेले मालकाच्या खात्यात. ते साठ रुपये पुढं कुठं गेले याचा कागद नाही, पावती नाही, बिलावर तशी ओळही नाही. ड्रायव्हरचं ताट ढाब्यावर फुकट असते हे काही गुपित नाही, अन् ते किचनच्या दाराजवळ लागते, म्हणून मला आतलं बोलणं ऐकू येते. एका ढाब्यावर (नाव लिहीत नाही, मला त्याच रोडनं रोज जायचं आहे) बैतूलकडचं एक पोरगं वाढायला होतं, चलाख होतं, एकावेळी सहा ताटं आणायचं. त्याला मी विचारलं, ऑनलाइनचे वरचे पैसे भेटतेत का रे. तर म्हणे महिन्याच्या शेवटी देतो म्हणते मालक, मागं मागितले तर म्हणे तुझ्या हातून ग्लास फुटले होते ना, त्याच्यात गेले. कापसाच्या गाडीतून व्यापारी ओलाव्याच्या नावानं कटती मारते, तशी ही टीपेतली कटती.

सगळेच मालक असे आहेत असं मी म्हणत नाही. मूर्तिजापूरच्या अलीकडे एक जण आहे, तो गल्ल्यात शंभर पानी वही ठेवते, ऑनलाइन वरचे पैसे आले की तारीख टाकून लिहिते, अन् आठवड्याला सगळ्यांसमोर वाटते. आणि वाटते म्हणजे नुसते वेटरमध्ये नाही. मागं चुलीजवळ दोन बाया बसतात, एक भाकरी थापते, एक भांडे घासते, त्यांचाही हिस्सा काढते. मला हे लय पटलं, कारण पॅसेंजर वाहवा कशाची करतात, तर भाकरीची अन् झुणक्याची, अन् पैसे देतात कोणाला, तर ताट आणून ठेवणाऱ्याला. थापणारी बाई कोणाला दिसतच नाही. तिला धुरात बसून हातभर पिठात दिवस काढायचा अन् टीप हा शब्दही तिच्यापर्यंत जात नाही. तिथल्या एका वेटरनं सुरवातीला कुरकुर केली होती म्हणे, मी टेबल सांभाळतो मग वाटा काहून. मालक त्याला म्हणाला उद्या तू भाकरी थाप. मग तो चूप झाला.

हे त्या मालकाच्या मनानं चाललं आहे, उद्या त्याचं मन बदललं की वही बंद. माझं म्हणणं आहे की हे मनावर सोडू नका. इंग्लंडात टीपेचा कायदाच केला, 1 ऑक्टोबर 2024 पासून लागू आहे, गिऱ्हाइकानं दिलेली टीप मालकानं पूर्ण कामगारांना द्यायची, मधात काही कापायचं नाही, वाटप कसं करणार ते लिहून ठेवायचं, अन् पुढच्या महिन्याच्या आखरीपर्यंत द्यायचीच. आणि आपल्याकडेही अगदी अंधार नाही. सुप्रीम कोर्टानं 2016 मध्ये एका मोठ्या हॉटेल कंपनीच्या इन्कम टॅक्सच्या केसमध्ये सांगून ठेवलं आहे की गिऱ्हाइकानं कार्डावरून दिलेली टीप हा मालकानं दिलेला पगार होत नाही, ती कामगारांची असते, हॉटेलच्या हातात फक्त विश्वासानं आलेली असते. आता कार्डाच्या जागी क्यूआर टाका, तेच झालं न साहेब. पण ही गोष्ट फाइव्ह स्टार हॉटेलच्या वकिलाला माहीत, तिवश्याच्या ढाब्यावरच्या पोराला कोण सांगणार.

यातूनच दुसरी गोष्ट निघते अन् ती जास्त वाईट आहे. काही मालक पोराला कामावर ठेवतानाच सांगतात, पगार कमी हाय पण वरची टीप तुझी. म्हणजे तुमचं किमान वेतन आम्ही पॅसेंजरनं भरायचं. अमेरिकेत असंच आहे म्हणतात ना, तिथं टीप भेटणाऱ्या कामगाराला मालकानं तासाला फक्त 2.13 डॉलर दिले तरी केंद्राच्या कायद्यात चालते, 1991 पासून तो आकडा हललेला नाही, बाकीचं टीपेतून भरून निघाल्याचं दिसलं पाहिजे एवढंच. म्हणून तिथं पंधरा-वीस टक्के टीप दिल्याशिवाय माणूस उठत नाही, काही राज्यांनी ते बंद केलं ती वेगळी गोष्ट. आपल्या कायद्यात अशी सोय नाही, किमान वेतन मालकाच्याच खिशातून गेलं पाहिजे. 21 नोव्हेंबर 2025 पासून तर नवीन वेतन संहिता लागू झाली, तिच्यात किमान वेतन सगळ्याच कामगारांना धरलं आहे, आणि हॉटेल तर आपल्याकडे जुन्या 1948 च्या कायद्याच्या यादीतही होतंच. पण ढाब्यावर माणसं असतात सात-आठ. पीएफला वीस लागतात, ईएसआयला म्हणजे कामगाराच्या दवाखान्याच्या विम्याला दहा, म्हणजे हे पोरं दोन्हीतून बाहेर. इन्स्पेक्टर साहेब आले तरी ते जेवायला येतात. मग त्या पोराजवळ राहिलं काय, तर टीप, अन् तीही आता डब्ब्यात गेली.

आमच्या लोकांचंही थोडं सांगतो, सगळं सरकारवर ढकलत नाही. माझी अर्धी भाडी शेगावची. संस्थानात सेवेकरी कसे हात जोडून माऊली म्हणतात, वाकून वाढतात, एक रुपया घेत नाहीत, दिला तर वापस करतात. लोक ते पाहून भारावून निघतात, अन् वापसीत बाळापूरच्या पुढं ढाब्यावर बसले की त्यांना तिथंही सेवेकरीच पाहिजे असतो. "अरे पाणी आण, अरे कांदा आण, किती उशीर लावून राहिला रे." अन् उठताना म्हणतात याला काहून द्यायचे, तिथं तर फुकट एवढी सेवा करतात. अरे बावा, तो सेवेकरी घरचं खाऊन चार दिवस सेवा द्यायला आलेला, अन् हे पोरगं सकाळपासून रात्री बारा वाजेपर्यंत पोटासाठी उभं. तुम्ही त्याचा हिशोब याला कसा लावता. हे मी गाडीत बोलतो तर काही लोक ऐकतात, काही पुढच्या वेळी दुसरी गाडी करतात.

दुसरा एक लय पसरलेला गैरसमज म्हणजे जीएसटी. "एवढा पाच टक्के टॅक्स घेतला, मग वेटरले अजून काहून?" हे मी मास्तर लोकांकडून ऐकलं आहे. त्या टॅक्समधला एक पैसा वेटरला जात नाही, तो सरकारचा. आणि शहरात कुठं कुठं बिलात सर्व्हिस चार्ज म्हणून वेगळे टक्के लावतात, ते तर आपोआप लावायचेच नाहीत असं केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला सांगितलं, हॉटेलवाले कोर्टात गेले, अन् 28 मार्च 2025 ला दिल्ली हायकोर्टानं प्राधिकरणाचंच बरोबर ठरवलं. कोणी जबरदस्ती लावला तर काढायला सांगता येते, नाही काढला तर 1915 वर फोन करता येतो. हे खातं तुमचं नाही माहीत आहे मला, पण पत्र वाचणाऱ्या लोकांसाठी लिहून ठेवलं. आणि एक, कुठं बारीक लेकरू ताटं उचलताना दिसलं तर त्याला दहाची नोट देऊन पुण्य कमावू नका, 2006 पासून ढाब्यावर चौदाच्या खालचं लेकरू ठेवायला बंदी आहे, 1098 ला फोन लावा.

तर साहेब तुमच्याकडे मागणं काय. टीपेचा दर ठरवून देऊ नका, टक्का तर अजिबात ठरवू नका, नाहीतर उद्या ढाब्यावर बिलातच छापून येईल अन् तोच पगार समजला जाईल. फक्त एवढं करा की जिथं स्कॅनर लावला तिथं वरचे आलेले पैसे कामगारांचे, असा एक साधा नियम काढा, त्याची वही ठेवायला लावा, वही कामगाराला पाहायला भेटली पाहिजे, त्यातून ग्लास प्लेट काही कापायचं नाही, अन् वाटपात चुलीजवळच्या बायाही धरा. नाहीतर त्याहून सोपं, मालकाच्या स्कॅनरच्या बाजूला वेटरचा स्वतःचा स्कॅनर लावू द्या, कोणी मालकानं तो फाडून फेकला तर तक्रार कुठं करायची ते सांगा. एक-दोन जागी पोरांनी स्वतःचा क्यूआर मोबाइलच्या कव्हरमागं चिकटवून ठेवलेला मी पाहिला आहे, पण मालक पाहत नाही तेव्हाच दाखवतात, चोरी करून राहिल्यासारखे.

आणि दुसरं, हॉटेल कामगाराचं आज किमान वेतन किती आहे त्याचा बोर्ड गल्ल्याच्या बाजूला, गिऱ्हाइकाला दिसंल असा, मराठीत अन् हिंदीत लावायला लावा, कारण वाढणारे पोरं मेळघाटातले, बैतूल-छिंदवाड्याकडचे आहेत. महागाई भत्ता दर सहा महिन्याला बदलते, तसा बोर्डवरचा आकडाही बदलला पाहिजे, नाहीतर पाच वर्षं जुना आकडा लटकत राहीन. अमरावती-अकोला रोडचा 2022 मध्ये विश्वविक्रम झाला, पंचाहत्तर किलोमीटर डांबर पाच दिवसाच्या आत टाकलं, मग त्याच रोडवरच्या ढाब्यावर एक-एक पत्र्याचा बोर्ड लावायला किती दिवस लागतेत ते तुम्हीच सांगा.

बोर्ड लागले अन् वही सुरू झाली की मला कळंलच, माझं ताट किचनच्या दाराजवळच असते. तोपर्यंत मी पॅसेंजरला सांगून राहिलो की बिल स्कॅन करा पण टीप नोटेनं द्या, अन् पोराच्या हातात द्या, प्लेटीत नका ठेवू.

आपला,
एक गाडीवाला
ता. आर्वी, जि. वर्धा