तुझी मॅगी, माझी ज्युडी आणि गणेशखिंडीचा रस्ता

पुणे

प्रिय उषास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मागच्या पत्राला उत्तर द्यायचे राहिले आणि मग इतके राहिले की लिहायचीच लाज वाटू लागली. आज लिहायला बसले आहे ते एका पानभर मजकुरासाठी. तो मजकूर माझ्याच्याने पुरा होत नाही, आणि त्यावरून भांडायचे तर ते तुझ्याशीच, दुसऱ्या कोणाला त्यातले काही कळायचे नाही. येथे सर्व ठीक आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे आणि ह्यांचा रक्तदाब गोळ्यांच्या धाकात आहे.

तर गोष्ट अशी. आपल्या मंडळाने जानेवारीत ज्युडी डेंचचे चार चित्रपट दाखवायचे ठरवले आहे. खेळाआधी दारात वाटायचे परिचयाचे पान आणि खेळ झाल्यावर वार्तापत्रात छापायचे परीक्षण, ही दोन्ही कामे नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात पडली. ‘मिसेस ब्राऊन’, ‘नोट्स ऑन अ स्कँडल’ आणि ‘फिलोमिना’ यांची पाने एका बैठकीत झाली. अडले आहे ते चौथे. समितीने हट्टाने घातलेला ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’, व्हिक्टोरिया राणी आणि तिचा हिंदुस्थानी मुन्शी अब्दुल करीम यांच्यावरचा. त्यात आपला माणूस आहे, आग्रा आहे, लोक येतील, असे त्यांचे म्हणणे, आणि लोक येतील हे खरेच आहे. कुंदाने तर आत्ताच सहा खुर्च्या सांगून ठेवल्या आहेत.

तू लगेच म्हणशील की ज्युडीचे कौतुक करायला तुला कधीपासून शब्द शोधावे लागू लागले? नाही लागत. तीच तर पंचाईत आहे. चित्रपट परत पाहिला, वही घेऊन पाहिला, आणि ज्युडीवर लिहिलेली पाने भराभर भरत गेली. चित्रपटावर लिहायला घेतले की लेखणी थांबते. तो सुरुवातीचा मेजवानीचा प्रसंग आठव. १८८७ साल, राज्यारोहणाचा सुवर्णमहोत्सव. राणीला झोपेतून उठवून, उचलून, बांधूनछांदून आणले आहे. ती कोणाकडे न पाहता, एकामागून एक पदार्थ, हाताने आणि चमच्याने, अधाशासारखी खात सुटते. तिचे ताट संपले की नियमाप्रमाणे सगळ्यांची ताटे उचलली जातात, म्हणून बाकीचे राजेरजवाडे घाईघाईने घास कोंबतात. आणि ती मात्र मध्येच बसल्या जागी डुलक्या घेऊ लागते. ज्युडी तेथे विनोद करत नाही. कंटाळ्याच्या तळाशी जाऊन बसलेली एक म्हातारी ती आपल्याला दाखवते, आणि हसू आपले आपल्याला येते. मग अब्दुल मोहर घेऊन समोर येतो, नजर वर करू नकोस असे बजावलेले असतानाही वर करतो, आणि त्या जड, झोपाळू डोळ्यांत काहीतरी जागे होते. एवढेच. संवाद नाही, संगीताचा आधार असला तरी तिला त्याची गरज नाही. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, नजर इतकी अधू झालेली असताना की संहिता दुसऱ्या कोणी वाचून दाखवावी लागते, ही बाई डोळ्यांनी असा अभिनय करते. डोळ्यांतल्या पडद्याच्या त्या विकाराविषयी ती २०१२ मध्ये उघडपणे बोलली, त्यालाही मध्ये पाच वर्षे होऊन गेली होती.

आणि हीच राणी तिने वीस वर्षांपूर्वी, १९९७ मध्ये, ‘मिसेस ब्राऊन’मध्ये उभी केली होती. मुळात दूरचित्रवाणीसाठी केलेला तो चित्रपट, म्हणून साधा, थोडका. नवरा गेल्यावर कोंडून घेतलेल्या राणीपुढे तो स्कॉटिश नोकर येतो आणि तुमची ही दशा होईल असे वाटले नव्हते असे तोंडावर सांगतो. त्यावर तिचा चेहरा आधी संतापाने घट्ट होतो आणि तोच घट्टपणा सांभाळता सांभाळता फुटतो. तेव्हा आपण दोघी नानांच्या दिवाणखान्यात कॅसेट मागे घेऊन घेऊन ते पाहत होतो आणि तू म्हणाली होतीस की हे तुझ्या मॅगी स्मिथने अधिक कोरडे केले असते. मी त्याबद्दल तुला अजून क्षमा केलेली नाही. ‘अ रूम विथ अ व्ह्यू’च्या वेळचे तर बोलूच नको, मॅगीला ऑस्करचे नामांकन मिळाले आणि ज्युडीला त्या कादंबरीकार बाईची किरकोळ भूमिका, हे तू मला वर्षभर ऐकवलेस. पुढे ‘शेक्सपिअर इन लव्ह’मध्ये जेमतेम आठ मिनिटांच्या एलिझाबेथ राणीवर ज्युडीने ऑस्कर उचलले तेव्हा तुझा चेहरा पाहण्यासारखा झाला असेल, पण तोवर तू लेस्टरला पोचली होतीस आणि माझी ती मजा हुकली.

असो, मुद्द्यावर येते. माझी अडचण राणीच्या अभिनयाची नाही, त्या अभिनयाने चित्रपट काय काय झाकतो याची आहे. चित्रपटाचा काळ १८८७ पासून राणीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९०१ पर्यंत. या वर्षांत आपल्याकडे काय चालले होते ते तुला मी सांगायला नको. १८९६-९७ चा दुष्काळ. पाठोपाठ मुंबईत आणि मग पुण्यात प्लेग. गोऱ्या सोजिरांनी पेठांतल्या घरांत, देवघरांत, माजघरांत शिरून घेतलेल्या झडत्या. आणि २२ जून १८९७ ला याच बाईच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यात आटोपून परतणाऱ्या रँड या प्लेग अधिकाऱ्यावर चाफेकर बंधूंनी घातलेली गोळी. रँड ३ जुलैला मेला, दामोदर चाफेकरांना पुढच्या एप्रिलमध्ये फाशी झाली, आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला त्याच वर्षी झाला. गणेशखिंडीच्या त्या विद्यापीठाच्या रस्त्याने मी आजही रिक्षाने जाते. तिकडे ज्या वर्षी राणीचे दरबारी मुन्शीवरून राजीनाम्याच्या धमक्या देत होते, त्याच वर्षी तिच्याच उत्सवाच्या रात्री या रस्त्यावर हे घडले.

चित्रपटात यातले काही नाही. यायलाच हवे होते असेही मी म्हणत नाही. राणीला उर्दू शिकवणाऱ्या आग्र्याच्या तुरुंगातल्या कारकुनाची गोष्ट सांगताना पुण्याचा प्लेग कोठून आणणार? पण राणीला हिंदुस्थानातले काहीच ठाऊक नव्हते, ती बिचारी महालात एकटी पडली होती, दुष्ट होते ते तिचे दरबारी आणि तो मुलगा बर्टी, अशी जी सोय हा चित्रपट करून देतो ती मला खुपते. १८५७ विषयी अब्दुलने तिला अर्धवट सांगितले म्हणून ती त्याच्यावर रागावते तो प्रसंग बघ. अपमान कोणाचा झाला, तर राणीचा! अब्दुलबरोबर आलेल्या एका मोहम्मदच्याच तोंडी दोन-चार खरी वाक्ये घातली आहेत. अदील अख्तरने ती अशी काही कडवट म्हटली आहेत की वाटते, चित्रपट याचाच असायला हवा होता. पण त्याला थंडीने खोकत मारून टाकतात आणि अखेरीला अब्दुल आग्र्यात राणीच्या पुतळ्याचे पाय चुंबतो. शेवटच्या त्या दृश्याला आपल्या सभागृहात टाळ्या पडतील, मला खात्री आहे.

दिग्दर्शक कोण, तर स्टीफन फ्रिअर्स! १९८५ मध्ये लंडनच्या धोबीखान्यातल्या पाकिस्तानी पोराची गोष्ट ज्याने इतक्या निर्भीडपणे दाखवली तोच. त्याला दुसरी बाजू दिसत नव्हती असे कसे म्हणू? सुरुवातीलाच पडद्यावर ‘सत्य घटनांवर आधारित’ असे लिहून खाली ‘बहुतांशी’ असा शब्द टाकला आहे. तो डोळा मिचकावणे मला पहिल्यांदा आवडले होते, आता आवडत नाही.

ज्युडीला दोष द्यावा का, यावर मी बराच विचार केला. ‘नोट्स ऑन अ स्कँडल’मधली ती एकाकी शिक्षिका आठव. तेथे तिने आपल्याकडे प्रेमाची एक कवडीही मागितलेली नाही. शेवटी ती बाकावर बसून नवे सावज हेरते तेव्हा अंगावर काटा येतो. म्हणजे माणूस नकोसा वाटेपर्यंत नेण्याची ताकद तिच्यात आहे. मुन्शीच्या चित्रपटात ती ताकद कोणी मागितलीच नाही. राणी स्वतःचे दोष पाढा वाचावा तसे सांगते, चिडकी, हावरट, लठ्ठ, सगळे, आणि अखेर म्हणते की वेडी मात्र मी नाही. ज्युडीने ते भाषण इतके सुरेख केले आहे की त्या लांबलचक यादीत साम्राज्य कोठेच नाही हे आपल्या लक्षातही येत नाही.

येथे तू मॅगीला काढणार, मला माहीत आहे. २०१९ मध्ये ब्रिज थिएटरला तू ‘अ जर्मन लाइफ’ पाहिलेस आणि त्यावर मला आठ पानी पत्र धाडलेस. ते काल पुन्हा काढून वाचले. चौऱ्याऐंशी वर्षांची मॅगी दीड तासाहून अधिक वेळ एकटी खुर्चीत बसून गोबेल्सच्या सचिव बाईचे बोलणे बोलते. मला काही ठाऊक नव्हते, मी फक्त टंकलेखन करत होते, असे म्हणणारी बाई. तू लिहिले होतेस की तिची कीव येते आणि त्याच वेळी आपली कीव आपल्यालाच खटकते, आणि मॅगी यातले एकही टोक सुटू देत नाही. तेव्हा मी तुला उत्तर दिले ते केवळ चिडून, कारण मी मॅगीला कधी रंगमंचावर पाहू शकले नाही. (ज्युडीला ‘द विंटर्स टेल’मध्ये पाहूनही तू मला कार्डावर चार ओळी पाठवल्यास, हेही मी विसरलेले नाही.) पण आज मला तुझेच वाक्य हवे आहे. ठाऊक नसणे हा बचाव कोठपर्यंत चालतो, हा प्रश्न त्या नाटकाने उभा केला. व्हिक्टोरियाच्या चित्रपटाने तो विचारायच्या आधीच मिटवून टाकला.

तर आता सांग, हे परिचयाच्या पानावर लिहू की परीक्षणात? पान आधी हातात पडते. त्यावर रँड आणि प्लेग लिहिला तर लोक मेजवानीच्या प्रसंगाला हसायचे नाहीत, नाक मुरडून बसतील आणि ज्युडीचे डोळे त्यांना दिसायचेच नाहीत. तिच्यावर तो अन्याय होईल. न लिहावे तर ती इतकी गोड वाटेल की नंतरचे परीक्षण म्हणजे म्हातारीची कुरकुर ठरेल, आणि वार्तापत्र वाचते तरी कोण? समितीतल्या एका गृहस्थांनी सुचवले की ‘वादग्रस्त’ असा एक शब्द घालावा आणि मोकळे व्हावे. मी त्यांच्याकडे जसे पाहिले तसे मॅगीच पाहू शकली असती, हे तुझ्या समाधानासाठी सांगते.

मी एक तोड काढली आहे. परिचयाच्या पानावर ज्युडीविषयी मोकळेपणाने लिहायचे, वीस वर्षांच्या अंतराने साकारलेल्या दोन राण्यांची तुलना करायची, आणि खाली, काही भाष्य न करता, चित्रपटाच्या काळातली सनावळी छापायची. १८८७, सुवर्णमहोत्सव, अब्दुल करीम इंग्लंडला. १८९६, मुंबईत प्लेग. १८९७, पुण्यात प्लेग. २२ जून, हीरकमहोत्सव, गणेशखिंड. १९०१, राणीचा मृत्यू, मुलाच्या हुकमावरून मुन्शीकडची पत्रे जाळली जातात. १९०९, अब्दुलचा आग्र्यात मृत्यू. आणि पुढच्याच शनिवारी जयू आणि नचिकेत पटवर्धनांचा १९७९ चा ‘२२ जून १८९७’ लावायचा. समिती म्हणते, ज्युडी डेंच महोत्सवात ज्युडी डेंच नसलेला चित्रपट कसा? मी म्हटले, राणी आहे ना, ती नुसती पडद्यावर येत नाही इतकेच. त्यावर कोणी काही बोलले नाही, पण होकारही दिलेला नाही.

तुझे काय चालले आहे? नव्या घराचे छत गळणे थांबले का? नातीचा फोटो पाहिला, नाक थेट तुझ्या सासूबाईंचे आहे, सूनबाईला सांगू नकोस. भाओजींना नमस्कार. डोळ्यांची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नको, नाहीतर तुलाही संहिता वाचून दाखवणारे माणूस ठेवावे लागेल.

पान पुढल्या आठवड्यात छापायला जायचे आहे. तोवर सनावळी ठेवू की काढू एवढे तरी कळव. फोनवर नको, फोनवर तू मॅगीवर घसरतेस आणि वेळ संपतो.

तुझी,
मंजिरी

ता. क. मे महिन्यात मॅगीचे चित्रपट लावावे असे मी सुचवले आहे. ती आणि ज्युडी १९३४ च्या एकाच डिसेंबरातल्या, १९ दिवसांच्या फरकाच्या, तेव्हा एकीचा महोत्सव करून दुसरीला विसरणे बरे दिसत नाही. परिचयाची सगळी पाने तू लिहायची आहेस. ‘द प्राइम ऑफ मिस जीन ब्रॉडी’ पक्का. ‘कॅलिफोर्निया स्वीट’ घ्यावा की ‘द लेडी इन द व्हॅन’, ते तू ठरव. हॅरी पॉटर मिळणार नाही.