लिंथोईच्या दुसऱ्या पदकाची नीट दखल घ्यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेरू देशातल्या लिमा शहरात ऑक्टोबर २०२५ मध्ये झालेल्या ज्युनिअर जागतिक ज्युडो स्पर्धेत मणिपूरच्या लिंथोई चनंबमनं ६३ किलो गटात कांस्यपदक जिंकलं. ज्युनिअर गटातलं भारताचं हे पहिलंच जागतिक पदक. आपल्या अंकात ही बातमी क्रीडा पानाच्या अगदी तळाशी, सहा ओळींत आली होती. ती कापून मी आमच्या ज्युडोच्या हॉलच्या दारावर चिकटवली. कात्रणाच्या कडा आता पिवळ्या पडल्यात, तरी मुली येता-जाता वाचतात. त्या सहा ओळींत जे मावलं नाही ते सांगावं म्हणून हे पत्र.

मी कराडची. गेली एकोणीस वर्षं मुलींना ज्युडो शिकवते. लिंथोईचं नाव आमच्याकडे पहिल्यांदा आलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये. बोस्नियातल्या सारायेव्होत कॅडेट म्हणजे अठरा वर्षांखालच्या गटाची जागतिक स्पर्धा होती, लिंथोई तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. ५७ किलोच्या अंतिम लढतीत तिनं ब्राझीलच्या बियांका रेइसला हरवलं आणि सुवर्णपदक घेतलं. त्याआधी कुठल्याच वयोगटात, मुलगा असो की मुलगी, भारताला ज्युडोत जागतिक पदक मिळालेलं नव्हतं. त्या संध्याकाळी माझ्या एका फोनभोवती चौदा डोकी जमली होती.

निकाल होता १-०, म्हणजे एका वाझा-आरीचा फरक. वाझा-आरी म्हणजे पूर्ण नसलेल्या, अर्ध्या डावाचा गुण. वाचणाऱ्याला वाटेल, निसटता विजय. गादीवर उतरलेल्या माणसाला ठाऊक असतं की चार मिनिटांच्या लढतीत एक वाझा-आरी सांभाळणं किती अवघड आहे. समोरची जिवावर उदार होऊन अंगावर येते, कारण तिला आता गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. तुम्ही नुसता बचाव करत राहिलात तर पंच शिदो, म्हणजे ताकीद, देतात, आणि तीन शिदो झाले की लढत हातची गेली. म्हणजे पुढे असूनही डाव टाकत राहायचं, आणि डाव टाकताना स्वतः सापडायचं नाही. भल्याभल्यांना हे जमत नाही. शाळकरी वयाच्या पोरीनं ते जगाच्या अंतिम लढतीत करून दाखवलं.

मधल्या काळात गुडघ्याच्या दुखापतीनं तिला बराच काळ बाहेर बसावं लागलं. आणि गटही बदलला, आता ती ६३ किलोत. ५७ वरून ६३ ही कागदावर सहा किलोंची गोष्ट आहे. प्रत्यक्षात समोरच्या सगळ्या मुली नव्या, त्यांची पकड वेगळी, ताकद वेगळी, आणि आपला गुडघा आपल्याला साथ देईल की नाही ही धाकधूक प्रत्येक पावलाला. म्हणून माझ्या लेखी लिमाचं कांस्य सारायेव्होच्या सुवर्णाच्या तोलाचं आहे. किंबहुना काकणभर सरस.

असं का म्हणते, ते सांगते. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं राज्य पातळीवर पदक आणलं तेव्हा एका मंडळानं तिचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, कमरेएवढं स्मृतिचिन्ह, भाषणं, फोटो. देणाऱ्यांचं मन चांगलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सहा महिन्यांनी सराव करताना तिचा उजवा पाय गादीवर अडकला, अंग फिरलं आणि गुडघा जागीच राहिला. लिगामेंट तुटला तेव्हाचा आवाज मी तीन हातांवरून ऐकला. तिचे वडील मालाचा टेम्पो चालवतात. शस्त्रक्रियेसाठी त्यांनी नातेवाइकांकडून उसने घेतले, आणि त्यानंतर फिजिओथेरपीच्या दर खेपेचे चारशे रुपये देता देता ते मेटाकुटीला आले. दोन महिन्यांत फिजिओ बंद झाली. त्या काळात तिच्या घरी कुणी गेलं नाही. मीसुद्धा फोनवर चौकशी करत राहिले, पैशांचं विचारायला धजले नाही. त्याची रुखरुख मला आजही आहे.

पदकाआधी आणि पडल्यावर खेळाडूच्या मागे उभं राहणं हाच खरा सन्मान आहे असं मला आता वाटतं. ही गोष्ट आमच्या कराडला तरी कुणी नव्यानं सांगायला नको. पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर. खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्य जिंकलं, त्यांचा गटही योगायोगानं ५७ किलोचाच. बैलगाड्यांची मिरवणूक, मरणोत्तर अर्जुन पुरस्कार, १५ जानेवारीचा राज्य क्रीडा दिन, हे सगळं नंतरचं. त्यांना जायला पैसे नव्हते तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली. पदक मिळेल याची खात्री त्यांच्यापैकी एकालाही नव्हती. खाशाबांचा सगळ्यात मोठा सत्कार मी त्यालाच म्हणते.

लिंथोईच्या बाबतीतही पाहा. मणिपूरच्या मयांग इम्फाळची ही मुलगी २०१७ पासून कर्नाटकातल्या विजयनगरच्या इन्स्पायर इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्टमध्ये आहे. जॉर्जियाचे मामुका किझिलाश्विली तिथे शिकवतात. राहणं, जेवण, गादी, गुरू, हे सगळं तिला जागतिक पदकाच्या पाच वर्षं आधी मिळालं. लहान मुलीवर कुणीतरी पाच वर्षं आधी विश्वास टाकला म्हणून सारायेव्हो झालं.

आपल्याकडे मुलींची काही कमी नाही. कराड-वाळव्याच्या बाजूला कुस्ती घराघरात आहे. एका मुलीचे आजोबा मैदानं मारलेले पैलवान. नातीला सेओई-नागे, म्हणजे खांद्यावरून फेकण्याचा डाव, मारताना पाहिलं आणि खुर्चीतून अर्धे उठले, म्हणाले, "अगं, ही तर आपली धोबीपछाड!" दुसऱ्या दिवसापासून ते रोज हॉलवर येऊन बसायला लागले आणि कंबर कुठं घालायची ते तिला मातीतल्या भाषेत सांगायला लागले. माझ्या वर्षभराच्या शिकवण्यानं झालं नव्हतं ते तिला आठवड्यात कळलं. जाणती माणसं आहेत, मुली आहेत. नसतं ते गादी फाटल्यावर बदलायला आणि गुडघा दुखावल्यावर दाखवायला लागणारं बळ.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली सत्कार करणाऱ्या मंडळांना आणि पतसंस्थांना. कार्यक्रम जरूर करा, मुलांना त्याचा आनंद होतो. पण स्मृतिचिन्ह लहान करा आणि उरलेले पैसे त्या खेळाडूच्या दुखापतीसाठी बाजूला ठेवा. तालुक्याच्या क्रीडासंकुलात आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्ट बसला, तरी कितीतरी मुलींचा खेळ वाचेल. त्याच्या मानधनाचा भार चार मंडळं मिळून सहज उचलू शकतात. मी हिशेब करून पाहिला आहे, कुणाला हवा असेल तर घेऊन येईन.

दुसरी विनंती आपल्याला. लिंथोईवर रविवारच्या अंकात अर्धं पान द्यावं. तिनं जिंकलं एवढंच न लिहिता ती गुडघा घेऊन कशी परतली ते लिहावं. आणि कृपा करून कराटेचं चित्र टाकू नये. ज्युडोत लाथ नाही, ठोसा नाही. दोन्ही हातांनी गीची, म्हणजे ज्युडोच्या पोशाखाची, कॉलर आणि बाही धरलेली असते, बोटांच्या पेरांना पांढरी टेप असते. तसा फोटो घ्यावा.

गुडघा दुखावलेली माझी ती विद्यार्थिनी सोमवारपासून पुन्हा येते आहे. खांद्यावरून लोळायचं, हातानं गादीवर थाप मारायची, म्हणजे पडायला शिकायचं ती उकेमी, तिथून तिची सुरुवात. अजून गुडघा पूर्ण वाकत नाही. फिजिओचे पैसे या खेपेला आम्ही बारा पालकांनी मिळून जमवले आहेत. परवा हॉलवर येऊन गेली तेव्हा दारावरचं कात्रण तिनं उभ्यानं दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "बाई, तिला किती महिने लागले?" ती माहिती त्या सहा ओळींत नव्हती. आपण छापलीत तर मी ती दारावर लावीन.

आपली नियमित वाचक,
एक ज्युडो शिक्षिका, कराड