आत्मविश्वास अधिकारातून येतो

नगरसेविकांच्या कारभारात त्यांच्या पतींच्या होणाऱ्या हस्तक्षेपावरील आपल्या अंकातील लेख वाचला. आक्षेप रास्त आहे, मात्र लेखात त्याचे खापर महिलांमधील आत्मविश्वासाच्या अभावावर फोडले आहे, ते पटत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण देण्याचा निर्णय राज्याने २०११ मध्ये घेतला आणि त्यामुळे ठाणे महापालिकेच्या १३१ जागांपैकी ६६ जागा महिलांसाठी राखीव असतात. हे आरक्षण सभागृहाच्या दारापर्यंत पोहोचवते. पुढे महापालिकेची तिजोरी असते ती स्थायी समितीच्या हाती, आणि या १६ सदस्यांच्या समितीत महिलांसाठी वेगळे आरक्षण नाही. अंदाजपत्रकाची छाननी आणि मोठ्या कंत्राटांची मंजुरी तेथेच होत असताना, नगरसेविकांचा विचार मात्र प्रथम महिला व बालकल्याण समितीसाठीच केला जातो. (त्या समितीचे काम कमी महत्त्वाचे आहे, असे मुळीच नाही.) शिवाय प्रभागाचे आरक्षण बदलले की काम शिकलेल्या नगरसेविकेला पुन्हा उमेदवारी मिळेलच, याचीही खात्री नसते. निविदा, लेखाशीर्ष (अंदाजपत्रकातील जमा-खर्चाचे सदर), लेखापरीक्षणातील आक्षेप हे विषय एखाद्या दिवसाच्या प्रशिक्षण शिबिरात उमगत नाहीत. ते निर्णयाची जबाबदारी अंगावर पडल्यावरच कळतात. कायद्यात बदल होईल तेव्हा होवो, परंतु स्थायी समितीवर सदस्य पाठवताना निम्म्या जागी महिलांची नावे देण्यापासून पक्षांना कोणीही अडवलेले नाही.

– एक वाचक, कळवा, ठाणे