काचेतला उशीर

गोरेगाव, मुंबई

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या बारावीच्या वर्गातल्या त्या पोरीचा प्रश्न मला जाम आवडला. फोटॉनला, म्हणजे प्रकाशाच्या कणाला, वस्तुमान नाही, म्हणजे तो कायम एकाच वेगाने धावणार. मग काचेत मंदावतो कसा? तू तिला दिलेलं उत्तर मात्र पटलं नाही, लेका. ‘अणू फोटॉन गिळतात, जरा थांबून पुन्हा सोडतात.’ रागावू नकोस, क्लासच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे हेच सांगतात.

माझं पोट या उशिरावरच चालतं. खोदकामात फायबर (प्रकाश वाहून नेणारी काचेची तार) तुटली की आम्ही ओटीडीआर नावाचं यंत्र लावतो. ते प्रकाशाचा पल्स, म्हणजे क्षणभराचा झोत, सोडतं आणि परतलेला प्रकाश किती वेळाने आला त्यावरून कट किती लांब ते सांगतं. त्याला आधी काचेचा अपवर्तनांक, म्हणजे निर्वातापेक्षा काचेत प्रकाश किती पट मंद ते, द्यावा लागतो, साधारण १.४६८. निर्वातात प्रकाश सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर जातो (१९८३ पासून मीटरची व्याख्याच या आकड्यावर बेतलेली आहे), फायबरमध्ये सुमारे २० कोटी. चुकून १.४८ भरलं तर २० किलोमीटरवरचा कट १६० मीटर अलीकडे दिसतो. मुंबईत १६० मीटर म्हणजे कदाचित रुळांची पलीकडची बाजू, आणि तिथे खणायची परवानगी वेगळी!

आता बघ, अणू खरंच गिळून सोडत असते तर प्रत्येकाने आपल्या मर्जीने वेळ लावला असता आणि वाटेल त्या दिशेला सोडलं असतं. पल्स विस्कटला असता, काच दुधासारखी दिसली असती. शिवाय अणू ठराविकच रंग गिळतात. काच पारदर्शक असते ती तिला दिसणारे रंग गिळता येत नाहीत म्हणूनच. थोडा प्रकाश विखुरतो खरा, त्यावरच आमचं यंत्र चालतं, पण बाकीचा पल्स कित्येक किलोमीटर नीट जातो.

प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर, या मॅक्सवेलच्या सिद्धांताने हे सरळ सुटतं. लहर काचेतल्या इलेक्ट्रॉनांना हलवते, ते हलले की त्याच वारंवारतेची स्वतःची लहर सोडतात, किंचित मागे पडलेली. मूळ लहर आणि या सगळ्या लहरी मिळून जी बेरीज होते तिचा माथा मागे सरकतो. बेरजेतली प्रत्येक लहर निर्वातातल्याच वेगाने जाते. उशीर होतो तो बेरजेला.

पुंजभौतिकीत (क्वांटम फिजिक्समध्ये) हीच बेरीज राहते, फक्त शक्यतांची. फोटॉनची गाठ कुठल्या अणूशी पडली याची नोंद कुठेच उरत नाही, म्हणून सगळ्या अणूंचा वाटा एकत्र धरावा लागतो. म्हणूनच दिशाही टिकते. १९९२ मध्ये बर्कलीत स्टाइनबर्ग, क्वियाट आणि चियाओ यांनी फोटॉनांच्या जोडीतला एक काचेतून पाठवला. त्याला लागलेला वेळ लहरींच्या गणितातल्या समूहवेगाशी, म्हणजे पल्स ज्या वेगाने पुढे सरकतो त्याच्याशी, जुळला. एकटा फोटॉनही लहरीचाच हिशोब पाळतो म्हणजे! अणू-अणूंमधल्या मोकळ्या जागेतून पळणारी गोळी हे चित्रच सोडून दे. काचेत जे पुढे सरकतं ते प्रकाश आणि इलेक्ट्रॉनांचं हलणं यांचं मिश्रण असतं. ‘वस्तुमान नाही म्हणून कायम तोच वेग’ हा नियम निर्वातातल्या एकट्या फोटॉनचा. त्या मिश्रणाला तो लागू नाही. पोरीला एवढंच सांगितलंस तरी पुरे.

हे मिश्रण किती रेंगाळू शकतं? १९९९ मध्ये लेने हाऊ यांच्या गटाने अतिथंड सोडियमच्या अणूंमध्ये पल्स सेकंदाला १७ मीटरवर आणला. म्हणजे ताशी जेमतेम ६१ किलोमीटर, आपली बोरिवली फास्ट त्याच्या पुढे निघून जाईल. हे सांग, मागच्या बाकावरचेसुद्धा जागे होतील.

ओटीडीआरच्या ट्रेसचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. तिरकी उतरत जाणारी रेघ दिसेल, ती जिथे एकदम कोसळते तिथे कट. आडव्या अक्षावर किलोमीटर आहेत. पोरांना त्यावरून वेळ काढायला लाव, किलोमीटरमागे ५ मायक्रोसेकंद, आणि जाऊन-येऊन म्हणून दुप्पट.

काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या