एकतिसावा नंबर

साल्झबुर्ग,
१६ जानेवारी

प्रिय बाळ्या,

रविवारी फोन ठेवल्यापासून तुझं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. "तो तिसऱ्या दिवशी उठून सोन्याचं पदक घेऊन गेला, आणि मला पाय मोडून नऊ आठवडे झाले तरी मोरीपर्यंत जायला माणूस लागतो." तुला धीर यावा म्हणून कुणीतरी हर्मान मायर या ऑस्ट्रियन स्कीपटूचा तो व्हिडिओ पाठवला. माणूस हवेत उडतो, जाळ्या फाडून पलीकडे जातो, उठून उभा राहतो आणि तीन दिवसांनी ऑलिंपिक जिंकतो. पाठवणाऱ्याच्या मनात चांगलंच होतं. पण तो बघून तू आणखी खचलास, हे तुझ्या आवाजावरून कळत होतं. फोनवर मला धड काही बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसलोय. तू बघितलास तो प्रसंग खराच आहे. पण त्या माणसाच्या आयुष्यातला तुझ्या उपयोगाचा भाग तो नव्हे. तो पुढे आहे, आणि त्याचे व्हिडिओ फारसे कुणी पाठवत नाही.

मायरचं गाव फ्लाखाऊ माझ्या घरापासून गाडीने तासाभरावर आहे. आपल्याकडे कुठल्याही टपरीवर क्रिकेट निघतं तसं इथं स्कीइंग निघतं, आणि स्कीइंग निघालं की मायर निघतोच. मी पहिल्यांदा त्याची माहिती ऐकली तेव्हा मला आधी कोण आठवलं असेल? तुझे आबा. कारण हा माणूस गवंडी होता. पदकं मिळाल्यावर कुणी कौतुकाने लावलेलं बिरुद नाही हे, पोटापाण्याचा धंदा होता. वडिलांची गावात स्की शिकवण्याची शाळा होती. पंधरा वर्षांचा असताना त्याला श्लाडमिंगच्या स्की-शाळेतून घरी पाठवलं, कारण अंगाने अगदीच लहानखुरा होता आणि वाढीच्या वयातले गुडघे सारखे दुखायचे. मग उन्हाळ्यात विटा आणि सिमेंट, हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना शिकवणं. कितीतरी वर्षं असंच चाललं. आबांबरोबर सुट्टीत तूही घमेली उचलली आहेस. दिवसभर उकिडवं बसून गिलावा केल्यावर मांड्यांची काय अवस्था होते, हे मी तुला सांगायला नको. मला नेहमी वाटतं, त्या मांड्या तिथेच तयार झाल्या.

६ जानेवारी १९९६ ला फ्लाखाऊमध्येच विश्वचषकाची जायंट स्लॅलम, म्हणजे दारांमधून मोठी वळणं घेत उतरायची शर्यत होती. स्कीइंगचा विश्वचषक म्हणजे हंगामभर ठिकठिकाणी चालणारी शर्यतींची मालिका, सगळ्या गुणांची बेरीज होऊन शेवटी एकूण विजेता ठरतो. खरे स्पर्धक सुटायच्या आधी उतार तपासायला, वाट मोडायला काही जणांना खाली सोडतात. त्यांची वेळ निकालात धरत नाहीत. मायर त्या दिवशी असाच आधी सुटलेला होता, वय २३. त्याची वेळ मोजली तर ती बाराव्या नंबराची निघाली. तिथून पुढे सगळं भराभर झालं. त्याच हंगामात युरोप चषक जिंकला, फेब्रुवारी १९९७ मध्ये गार्मिशला विश्वचषकातली पहिली शर्यत जिंकली, आणि पुढच्या हिवाळ्यात नागानोच्या ऑलिंपिकला गेला तो पहिल्या पसंतीचा खेळाडू म्हणूनच.

आता तुझा व्हिडिओ. तारीख शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९९८, जपानमधलं हाकुबा, डाउनहिल, म्हणजे सगळ्यात वेगवान शर्यत. हवा इतकी खराब होती की शर्यत आधी पुढे पुढे ढकलली गेली होती. मायर वरच्या एका वळणावर फार सरळ आला. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. जमीन पायाखालून गेली, स्कीच्या खाली वारा शिरला आणि तो आडवा झाला, जमिनीला समांतर. खांद्या-डोक्यावर आपटला, कोलांट्या खात दोन जाळ्या फाडून गेला आणि पलीकडच्या बर्फात थांबला. तो बर्फ मऊ होता, बाळ्या. हे लक्षात घे. खांदा आणि गुडघा ठेचला, पण हाड मोडलं नाही. आणि पुढची सुपर-जी शर्यतही (डाउनहिल आणि जायंट स्लॅलमच्या मधली) हवेमुळेच लांबली, त्यामुळे त्याला जास्तीचा वेळ मिळाला. १६ तारखेला तो ती जिंकला, सहा दशांश सेकंदाहून जास्त फरकाने. १९ ला जायंट स्लॅलमही जिंकला. धाडस प्रचंड होतं, त्यात वादच नाही. अशा पडण्यानंतर पुन्हा स्टार्टच्या दांडीशी उभं राहणं हे मला विचारातसुद्धा झेपत नाही. पण मोडलेलं हाड तीन दिवसांत कुणाचंच जुळत नाही, त्याचंही जुळलं नसतं. तुझी नडगी मोडली आहे. तू तुझी तुलना न मोडलेल्या हाडाशी करतोयस.

मोडलेल्या हाडाची गोष्ट साडेतीन वर्षांनंतरची.

मधली वर्षं थोडक्यात सांगतो, म्हणजे तो कुठून पडला ते कळेल. १९९९ ला जागतिक स्पर्धेत दोन सुवर्णपदकं. २००० ला एका हंगामात २००० गुण, त्याआधी इतके कुणी केले नव्हते. शर्यत जिंकली की १०० गुण मिळतात, त्यावरून अंदाज कर. २००१ च्या हंगामात तेरा विजय, म्हणजे स्वीडनच्या स्टेनमार्कच्या विक्रमाची बरोबरी. लोक त्याला 'टर्मिनेटर'वरून हर्मिनेटर म्हणायचे.

आणि २४ ऑगस्ट २००१ ची संध्याकाळ. व्यायाम करून मोटरसायकलवर घरी निघाला होता. राडश्टाटजवळ, म्हणजे घराच्या अगदी तोंडाशी, गाडीची धडक बसली. उजव्या पायाची नडगी मोडून हाड बाहेर आलं. पाय कापावा लागेल की काय, इथपर्यंत गोष्ट गेली होती. इथं साल्झबुर्गमध्ये सात तास शस्त्रक्रिया चालली. आत टायटॅनियमचा रॉड घातला. उजवा पाय, नडगी, रॉड. तुझा एक्स-रे वहिनींनी पाठवला तेव्हा मी खुर्चीवरून उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो होतो, ते यामुळेच. त्या वेळी तुला बोललो नाही. दुसऱ्याच्या मोठ्या गोष्टी त्या दिवशी तुझ्या कानावर घालणं बरं दिसलं नसतं.

सॉल्ट लेकचं ऑलिंपिक सहा महिन्यांवर होतं. तो गेलाच नाही. जायंट स्लॅलमचं सुवर्ण त्याच्याच देशाच्या एबरहार्टरने घेतलं, ज्याने नागानोत मायरच्या मागे रौप्य घेतलं होतं. या एबरहार्टरबद्दलही मला फार जिव्हाळा वाटतो. १९९१ मध्ये तो दोनदा जगज्जेता झाला, मग दुखापतींनी इतका मागे पडला की संघातूनही गेला, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढून आला. त्याची सोन्यासाठीची वाट अकरा वर्षांची. त्याच्यावर वेगळं पत्र लिहीन.

मायरचं बघ. ऑगस्ट २००१ ते जानेवारी २००३, जवळजवळ सतरा महिने. या सतरा महिन्यांत दाखवण्यासारखं काहीच नाही. ना कोलांटी, ना पदक. असणार ते तुझ्या खोलीत आहे तेच. पायावर किती भार टाकायचा याची चर्चा, जागेवरची सायकल, सूज, आणि दुसरे लोक टीव्हीवर जिंकताना बघणं. यात स्कीच्या बुटाचं एक प्रकरण आहे, ते मला स्वतःला बूट घातल्याशिवाय कळलं नव्हतं. मागच्या वर्षी इथं मी शिकायला गेलो. बूट म्हणजे कडक प्लॅस्टिकचं कवच, चार बक्कलं आवळून बंद करायचं. वळायचं असेल तर पुढे झुकायचं, आणि झुकायचं म्हणजे नडगी बुटाच्या पुढच्या भागावर दाबायची. प्रत्येक वळणाला. बूट सैल ठेवून चालत नाही, पाय हलला की स्की ऐकत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी मोजे काढले तर दोन्ही नडग्यांवर जांभळे पट्टे उमटले होते, आणि मी मुलांच्या उतारावर होतो. मायर याच हाडावर, आत रॉड असताना, काचेसारख्या बर्फावर तो दाब टाकत होता. शर्यतीचा उतार भुसभुशीत नसतो, पाणी मारून गोठवलेला असतो.

१४ जानेवारी २००३, स्वित्झर्लंडमधलं आडेलबोडेन, जायंट स्लॅलम. तो परत आला. या शर्यतीत दोन फेऱ्या असतात आणि पहिल्या फेरीतले पहिले तीसच दुसऱ्या फेरीत उतरतात. सगळा ऑस्ट्रिया डोळे लावून बसलेला, आणि मायरचा नंबर आला एकतिसावा.

बाळ्या, मला या सबंध कारकिर्दीत हा आकडा सगळ्यात जास्त आवडतो. ५४ विश्वचषक विजय आहेत त्याचे, चार एकूण विजेतेपदं आहेत, पण मी पुन्हा पुन्हा या ३१ कडे येतो. सतरा महिने घाम गाळून आलेल्या माणसाला एका जागेने बाहेर बसावं लागलं. बरोबरीचे लोक दुसऱ्या फेरीसाठी वर जात होते आणि त्याच्यासाठी तो दिवस तिथेच संपला होता. तू मागच्या आठवड्यात वॉकर सोडून दोन पावलं टाकायला गेलास आणि पलंगाची कड धरलीस. मग म्हणालास, "झालं, एवढंच होणार आता." मला तेव्हा हाच आकडा आठवला.

तेरा दिवसांनी, २७ जानेवारीला, इथं ऑस्ट्रियातच किट्झब्यूलला तो सुपर-जी जिंकला. सुपर-जीचं एक वैशिष्ट्य आहे. तिचा सराव करायला मिळत नाही. डाउनहिलला आधी सरावाच्या फेऱ्या असतात, इथं नाही. सकाळी उताराच्या कडेकडेने हळू घसरत खाली यायचं, दारं, म्हणजे ज्यांच्यामधून जायचं ते खांब, कुठे आहेत, जमीन कुठे खाली जाते ते डोक्यात भरायचं, आणि मग एकच फेरी, जो काय निकाल लागेल तो. म्हणजे पायावर विश्वास असल्याशिवाय ही शर्यत होत नाही, कारण प्रत्येक वळण वेगात पहिल्यांदाच येतं. त्याच्या ५४ पैकी २४ विजय याच प्रकारातले. किट्झब्यूलचा तो दिवस इथले लोक आजही सांगतात तेव्हा त्यांचे डोळे भरतात, मी पाहिलंय.

त्याच उन्हाळ्यात पॅरिसला टूर द फ्रान्सच्या पहिल्या दिवशी सायकलस्वारांच्या आधी तो रस्त्यावरून सायकल मारून गेला. पुन्हा आधी सुटलेला, पुन्हा निकालात नाव नाही, फ्लाखाऊसारखंच. मला ते फार गोड वाटलं. पुढच्या वर्षी, २००४ ला, एकूण विश्वचषक त्याने परत घेतला. २००५ ला बोर्मियोत जायंट स्लॅलमचा जगज्जेता. २००६ च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये एक रौप्य, एक कांस्य. शेवटचा विजय नोव्हेंबर २००८ मध्ये, कॅनडात, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी. १३ ऑक्टोबर २००९ ला निवृत्ती सांगताना त्याला रडू आवरलं नाही.

परवा मी फ्लाखाऊला गेलो होतो. दर जानेवारीत तिथं बायकांची रात्रीची स्लॅलम असते, त्याच्या नावाच्या उतारावर. मी खाली जाळीला टेकून उभा होतो. दिव्यांच्या उजेडात वरून एकेक जण येते, आणि दिसायच्या आधी ती ऐकू येते. बर्फावर लोखंडी कड घासल्याचा आवाज. तो आवाज मला ओळखीचा वाटला, आणि कुठला ते आठवेना. मग आठवलं. आबा संध्याकाळी काम संपल्यावर वाळलेला माल थापीने पाटावरून खरवडायचे, तो. आपण दोघं वाळूच्या ढिगावर बसलेलो असायचो, आबा सगळी हत्यारं धुऊन ओळंब्याची दोरी बोटाभोवती गुंडाळायचे आणि मगच घरी निघायचे. घाई कधी नाही. थंडीत जाळीला धरून मी बराच वेळ तुमच्या घराचाच विचार करत होतो.

डॉक्टर अर्धाच भार टाक म्हणतात तर अर्धाच टाक, पण तेवढा रोज टाक. चिडून जास्त टाकू नकोस आणि चिडून सोडूही नकोस. साताऱ्याच्या हाफ मॅरेथॉनचं या वर्षी नाव काढू नकोस, मी वहिनींनाही तसं सांगितलंय. मार्चमध्ये मी येतोय. यवतेश्वरच्या घाटात पहिल्या वळणापर्यंत गाडीने जाऊ आणि तिथून जेवढं होईल तेवढं चालू. दहा पावलं तर दहा.

आणि दर रविवारी गुडघा किती अंश वाकला ते मला कळवायचं. वाढला नसेल तरी कळवायचं, कमी झाला असेल तरी. इथं स्वयंपाकघराच्या दाराला मी कागद लावलाय. मागच्या रविवारचा आकडा, ७०, तारखेसकट लिहून ठेवलाय.

वहिनींना नमस्कार, आबांच्या पाया पडतो म्हणून सांग.

तुझा लंगोटीयार